बायबल अभ्यासासाठी सॉफ्टवेअर निवडताना मराठी वाचकाने काय पाहावे?

बायबलवर्ग_नगर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर प्रौढांचा बायबलवर्ग भरतो. त्याची तयारी करणारे आम्ही चारदोन जण आजवर छापील पवित्र शास्त्र, एक जुनी इंग्रजी शब्दानुक्रमणिका आणि पाळकसाहेबांच्या कपाटातील भाष्यग्रंथ एवढ्यावरच काम भागवत आलो. आता वर्गातील तरुण फोनवर वचन काढतात, एकाच वचनाची दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवतात आणि मूळ भाषेत काय आहे असे विचारतात. त्यांना नीट उत्तर द्यायचे तर आपल्याकडेही नीट साधन हवे, हे आम्हांला पटले आहे.

अडचण अशी की लोगोस, अ‍ॅकॉर्डन्स, ई-सोर्ड, स्टेप बायबल, अँडबायबल, यूव्हर्जन अशी नावे बरीच कानांवर येतात, पण त्यांच्याविषयीचे जवळजवळ सगळे लेखन इंग्रजी वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. आमच्यापैकी बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन आहेत, एक जुना विंडोज लॅपटॉप आहे, इंग्रजी सर्वांना सारखे येत नाही, आणि खर्च वर्गाच्या निधीतून होणार असल्यामुळे त्याचा हिशेब द्यावा लागतो. मराठीतून अभ्यास करणाऱ्याने निवड कोणत्या निकषांवर करावी, हे जाणत्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

हिब्रू_विद्यार्थी

सलाम. मी पुण्यात सेमिनरीत शिकतो आणि यांपैकी बहुतेक साधने अभ्यासासाठी वापरतो. माझे पहिले सांगणे असे की सॉफ्टवेअरची तुलना करण्याआधी तुमच्या वर्गात कोणते प्रश्न निघतात ते कागदावर लिहून काढावे. काही प्रश्न केवळ वाचनाचे असतात, जसे की हा विषय पवित्र शास्त्रात आणखी कुठे आला आहे. काही मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्दापर्यंत जाणारे असतात. काहींना इतिहास, भूगोल आणि भाष्य लागते. पहिल्या प्रकारासाठी फोनवरचे साधे अ‍ॅप पुरते, दुसऱ्यासाठी उत्तम मोफत साधने उपलब्ध आहेत, आणि पैसे खर्च करण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिसऱ्या प्रकारातच येतो.

दुसऱ्या प्रकारासाठी मी निःसंकोचपणे स्टेप बायबल सुचवीन. केंब्रिज येथील टिंडेल हाउस या संशोधन केंद्राने ते तयार केले असून ते पूर्णपणे मोफत आहे. ते संकेतस्थळावर चालते आणि लॅपटॉपवर उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही चालते. ते कसे वापरायचे हे एका उदाहरणाने सांगतो. स्तोत्र १३६ उघडा. त्याच्या सव्वीसही वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ हे ध्रुपद येते. स्टेपमध्ये इंग्रजी ईएसव्ही भाषांतर उघडून त्यातील ‘दया’ या अर्थाच्या शब्दावर टिचकी मारली की बाजूच्या चौकटीत मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’, त्याचा थोडक्यात अर्थ आणि तो शब्द जिथे जिथे येतो त्या सर्व वचनांकडे नेणारा दुवा दिसतो. ती यादी समोर ठेवून एकेक वचन मराठीतून मोठ्याने वाचावे. रूथ, होशेय आणि स्तोत्रे यांतील वचने अशी एकापाठोपाठ वाचली की वर्गाला चर्चेसाठी भरपूर सामग्री मिळते आणि त्यासाठी कोणाला हिब्रू अक्षरे यावी लागत नाहीत.

हे शक्य होते ते प्रत्येक शब्दाला जोडलेल्या क्रमांकामुळे. जेम्स स्ट्राँग यांची शब्दानुक्रमणिका १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मूळ भाषांतील प्रत्येक शब्दाला दिलेला क्रमांक आज जवळजवळ सर्व सॉफ्टवेअरचा कणा आहे. मराठी वाचकाची मुख्य अडचणही इथेच आहे, कारण असे क्रमांक शब्दाशब्दाला जोडलेला मराठी मजकूर सहसा मिळत नाही. त्यामुळे क्रमांक असलेले एक इंग्रजी भाषांतर आणि आपले मराठी असे दोन रकाने शेजारी ठेवूनच काम करावे लागते.

शब्दकोशांबाबत एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. मोफत सॉफ्टवेअरमध्ये बहुधा थेयरचा ग्रीक कोश आणि ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज हा हिब्रू कोश असतो, कारण त्यांचे स्वामित्वहक्क संपलेले आहेत. थेयरचा कोश १८८० च्या दशकातला, तर दुसरा १९०६ चा. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस येथे ग्रीक पपायरसांचे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर लिहिलेल्या जुन्या लेखांचे, मोठे साठे सापडू लागले ते १८९६-९७ पासून, म्हणजे थेयरनंतर. त्या पत्रांमुळे, पावत्यांमुळे आणि करारपत्रांमुळे नव्या कराराच्या ग्रीकवर जो प्रकाश पडला, तो थेयरच्या कोशात असणे शक्यच नाही. हा कोश टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही, परंतु ‘ग्रीकमध्ये याचा खरा अर्थ असा आहे’ असे वर्गात ठामपणे सांगण्याआधी आपण कोणत्या सालचा कोश उघडला आहे हे पाहावे.

गावचा_पाळक

बंधूंनी अभ्यासाची बाजू चांगली मांडली आहे. मी वापराची बाजू मांडतो. माझ्याकडे चार वाड्यावस्त्यांवरच्या घरगुती प्रार्थनासभा आहेत आणि त्यांतील दोन ठिकाणी नेटवर्क मिळत नाही. म्हणून माझा पहिला निकष असा की विमान मोड चालू करून जे अ‍ॅप पूर्ण चालते तेच उपयोगाचे. यूव्हर्जनमध्ये मराठी भाषांतरे आहेत आणि बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे, म्हणजे आपल्या उपासनेत वाचले जाणारे भाषांतरही तिथे मिळते. परंतु एखादे भाषांतर फोनवर उतरवून ठेवता येते की नाही हे प्रकाशकाच्या परवानगीवर अवलंबून असते. त्यामुळे घरून निघण्याआधी ते तपासावे.

माझे रोजचे अ‍ॅप अँडबायबल आहे. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि एकदा मजकूर उतरवला की इंटरनेट लागत नाही. पडद्याचे दोन भाग करून वर मराठी आणि खाली इंग्रजी ठेवता येते, आणि वरचे वचन सरकवले की खालचेही त्याच्याबरोबर सरकते. मराठीसाठी मी त्यात इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन वापरतो. हे भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले असल्यामुळे ते वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कायदेशीरपणे मिळते. त्याची शब्दरचना आपल्या कानांना सवयीच्या असलेल्या पवित्र शास्त्रापेक्षा काही ठिकाणी वेगळी आहे, म्हणून उपासनेत वाचायचे वचन मी छापील प्रतीतूनच वाचतो.

ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, अशा आपल्या आईवडिलांच्या वयाच्या मंडळींसाठी बायबल डॉट इज हे अ‍ॅप जरूर पाहावे, त्यात मराठी ऐकता येते. अभ्यासाच्या साधनांची चर्चा करताना ही मंडळी नेहमी मागे राहतात, आणि ते मला मनापासून खटकते.

लिपीकार

मी पाळक नाही. देवनागरी मजकुराच्या संगणकीय कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून मराठीत शोध घेण्याविषयी लिहितो. ‘अ‍ॅपमध्ये शोधले पण सापडत नाही’ ही तक्रार मी सतत ऐकतो आणि तिचे कारण बहुधा मराठीच्या घडणीत असते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घ्या. शोमरोनी स्त्री आणि येशू यांचे विहिरीवरचे संभाषण पाण्याभोवतीच फिरते. आता शोधाच्या चौकटीत ‘पाणी’ असे लिहा. ज्या वचनांत नेमके ‘पाणी’ आहे तीच येतील. चौदाव्या वचनातील ‘पाण्याचा झरा’ त्या यादीत केवळ अपघाताने येईल, म्हणजे त्याच वचनात ‘पाणी’ हे रूपही असेल तरच. कारण आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि त्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते, पण यंत्राला ‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ हे दोन निराळे शब्द वाटतात. उपाय असा की शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे तारांकन द्यावे. ‘पाण*’ असे लिहिले की ‘पाणी’, ‘पाण्याने’, ‘पाण्याचा’ ही सगळी रूपे सापडतात. दहाव्या अध्यायासाठी ‘मेंढर*’ लिहावे, म्हणजे ‘मेंढरू’, ‘मेंढरे’, ‘मेंढरांचा’ ही रूपे एकत्र येतील. कोणतेही अ‍ॅप स्वीकारण्याआधी त्यात तारांकन चालते की नाही हे पाहावे. मराठी वाचकासाठी ही कसोटी इतर दहा सोयींपेक्षा महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘तुमच्याबरोबर चालणाऱ्या’ यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मजकूर एका प्रकारचा आणि तुमचा कळफलक दुसऱ्या प्रकारचा असेल तर ‘किनाऱ्यावर’ सापडणार नाही. ‘अ‍ॅ’ या अक्षराचेही असेच आहे. अशा वेळी ते अक्षर येण्याआधीचाच तुकडा, म्हणजे ‘किना*’, शोधावा.

शिवाय युनिकोड ही संगणकात अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत येण्याआधीच्या काळातील फॉन्टमध्ये टंकलेला मराठी ख्रिस्ती मजकूर आजही पुष्कळ ठिकाणी पडून आहे, आणि जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती म्हणजे तर पानांची चित्रेच. यांपैकी कशातही शोध चालत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेलेले भाषांतर आपल्या वारशातील केवढे मोलाचे काम आहे! त्याचे स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले आहेत. असा मजकूर युनिकोडमध्ये काळजीपूर्वक टंकित होऊन प्रत्येक अभ्यास-अ‍ॅपमध्ये पोहोचावा, अशी माझी फार इच्छा आहे.

वसईची_शिक्षिका

चर्चा वाचून आनंद झाला. मी कॅथलिक आहे आणि आमच्या धर्मग्रामात प्रौढांना धर्मशिक्षण देते. आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. टोबित, ज्यूडिथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख ही पुस्तके वरीलपैकी बऱ्याच अ‍ॅपमध्ये दिसतच नाहीत. शिवाय दुसरा प्रश्न असा की जुन्या लॅटिन परंपरेतील पुस्तकांत जे स्तोत्र २२ आहे ते इतरत्र २३ असते आणि वर्गात गोंधळ उडतो. याला सॉफ्टवेअरमध्ये काही उपाय आहे का?

हिब्रू_विद्यार्थी

ताई, आपले दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पुस्तकांचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नसून भाषांतराचा असतो. ६६ पुस्तकांचे भाषांतर उघडले तर ती पुस्तके दिसणार नाहीत, पण त्याच अ‍ॅपमध्ये कॅथलिक आवृत्ती किंवा सेप्टुआजिंट हे प्राचीन ग्रीक भाषांतर असेल तर दिसतील. लोगोस बनवणाऱ्या कंपनीने कॅथलिक वाचकांसाठी व्हर्बम या नावाने वेगळी आवृत्ती काढली आहे. तिचा ग्रंथसंग्रह कॅथलिक परंपरेला धरून निवडलेला असल्याने आपल्याला ती अधिक जवळची वाटेल.

क्रमांकांचा प्रश्न केवळ लॅटिन परंपरेपुरता नाही. स्तोत्र ५१ मधील शुद्ध हृदयाची प्रार्थना आपल्या मराठी प्रतीत दहाव्या वचनात आहे, पण हिब्रू प्रतीत ती बाराव्या वचनात आहे, कारण तिथे दाविदाचा उल्लेख असलेले शीर्षकच पहिली दोन वचने म्हणून मोजले जाते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र योएल संदेष्ट्याचे जे वचन सांगतो ते आपल्याकडे योएल २:२८ असते आणि हिब्रूत ३:१. चांगले सॉफ्टवेअर हा फरक ओळखून दोन्ही रकान्यांत तेच वचन समोरासमोर आणते, कच्चे सॉफ्टवेअर नुसता क्रमांक जुळवून भलतेच वचन दाखवते. म्हणून नवे अ‍ॅप घेतल्यावर मराठी आणि हिब्रू शेजारी ठेवून हीच दोन ठिकाणे तपासावीत, परीक्षा मिनिटभरात होते.

शिकागोतील_मराठी

मी मूळचा कोल्हापूरचा. इथे आमच्या मराठी कुटुंबांच्या प्रार्थनासभेसाठी अभ्यास तयार करतो आणि लोगोस खूप वर्षे वापरत आलो आहे. खर्चाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

लोगोस हे साधन १९९२ पासून आहे आणि त्याची खरी ताकद ग्रंथसंग्रहात आहे. एखादा उतारा उघडला की तुमच्याकडील सर्व भाष्यग्रंथ, कोश आणि नकाशे त्याच ठिकाणी उघडतात, आणि हजारो पानांतून हवा तो संदर्भ काही क्षणांत मिळतो. परंतु हे ग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत. तुमच्या वर्गातील एखाद्यालाच इंग्रजी भाष्य सहज वाचता येत असेल तर निधीतून एवढा खर्च करणे मला योग्य वाटत नाही. त्याच्या मोफत आवृत्तीपासून सुरुवात करावी आणि एखाद्या विशिष्ट ग्रंथाची उणीव खरोखर भासली तरच तो ग्रंथ घ्यावा. मोठ्या संचात अशी शेकडो पुस्तके येतात जी कधी उघडलीही जात नाहीत. मूळ भाषांतील व्याकरणाच्या बारीक शोधासाठी अ‍ॅकॉर्डन्सचे नाव आदराने घेतले जाते. ते १९९४ मध्ये मॅकिंटॉशसाठी निघाले आणि आता विंडोजवरही चालते, पण ज्याला ग्रीक-हिब्रू येते त्यालाच त्याचा पुरता उपयोग.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मालकीची आहे. बायबलवर्क्स हे विद्वानांच्या विशेष आवडीचे सॉफ्टवेअर होते, पण ती कंपनी जून २०१८ मध्ये बंद झाली. ज्यांनी ते विकत घेतले होते त्यांच्या संगणकावर ते चालत राहिले, पण पुढची सुधारणा थांबली. लोगोसनेही २०२४ पासून आपल्या नव्या सुविधांसाठी वर्गणीची पद्धत आणली. आधी विकत घेतलेली पुस्तके खात्यात राहतात, पण वर्गणी थांबली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सुविधा थांबतात. म्हणून आपण स्वतः लिहिलेली टिपणे कोणत्याही एका अ‍ॅपच्या पोटात ठेवू नयेत, असे मी सर्वांना कळकळीने सांगतो. ती साध्या फाइलमध्ये, पुस्तक, अध्याय आणि वचन यांचा उल्लेख करून लिहावीत आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. कंपनी राहो वा न राहो, वर्गासाठी कष्टाने केलेला अभ्यास आपल्याजवळ राहिला पाहिजे.

बायबलवर्ग_नगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन गोष्टी विचारतो. एक म्हणजे, आमच्याकडे एका ओळखीच्या बंधूंनी पेन ड्राइव्ह दिला आहे. त्यात ई-सोर्डसाठी शेकडो भाष्यग्रंथ ‘मोफत’ भरलेले आहेत, ते वापरावेत का? दुसरे असे की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत आहे की काही अ‍ॅपनी प्रेषितांची कृत्ये ८:३७ आणि मत्तय १७:२१ ही वचने काढून टाकली आहेत. वर्गातील काही ज्येष्ठ यामुळे अस्वस्थ झाले आहेत आणि त्यांना काय सांगावे ते सुचत नाही.

गावचा_पाळक

पेन ड्राइव्हविषयी मी लिहितो. ई-सोर्ड हे सॉफ्टवेअर विंडोजवर खरोखर मोफत आहे आणि ज्यांचे हक्क संपले आहेत असे पुष्कळ ग्रंथ त्यासाठी अधिकृतपणे मिळतात. मॅथ्यू हेन्रींचे अठराव्या शतकातील भाष्य त्यांपैकीच. परंतु अलीकडच्या लेखकांचे, आजही विकले जाणारे ग्रंथ कोणीतरी परवानगीशिवाय त्या साच्यात घालून वाटत असेल तर ती चोरीच आहे. ‘चोरी करू नको’ हे वचन शिकवण्यासाठी चोरलेला भाष्यग्रंथ उघडणे मला तरी जमणार नाही. पेन ड्राइव्ह देणाऱ्या बंधूंचा हेतू चांगलाच असणार, म्हणून त्यांना प्रेमाने समजावून सांगावे आणि त्यातील जे अधिकृत आहे तेवढे त्याच्या मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवून घ्यावे.

हिब्रू_विद्यार्थी

वचनांविषयी. ज्येष्ठांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे आणि त्यांना घाईने गप्प करू नये. ही वचने कोणत्याही अ‍ॅपने काढलेली नाहीत. इंग्रजी किंग जेम्स भाषांतर १६११ चे असून ते त्या काळी छापील स्वरूपात उपलब्ध असलेल्या ग्रीक मजकुरावर आधारलेले आहे. त्यानंतर त्याहून पुष्कळ जुनी हस्तलिखिते उजेडात आली आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या प्रतींत ही वचने आढळली नाहीत. म्हणून आजच्या विद्वानांच्या ग्रीक आवृत्त्या ती मुख्य मजकुरात घेत नाहीत, तर तळटीपेत नोंदवतात, आणि त्या आवृत्त्यांवरून केलेली भाषांतरेही तसेच करतात किंवा वचन कंसात ठेवतात. अ‍ॅप फक्त त्या भाषांतराचा मजकूर दाखवते.

हे वर्गात दाखवायचे असेल तर स्टेपमध्ये किंग जेम्स, ईएसव्ही आणि एसबीएल ग्रीक नवा करार असे तीन रकाने उघडा आणि प्रेषितांची कृत्ये ८:३६ ते ८:३८ हा भाग एकत्र वाचा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रीक मजकूर मोफत उपलब्ध आहे आणि त्यात छत्तिसाव्या वचनानंतर थेट अडतिसावे येते. त्यानंतर ईएसव्हीतील तळटीप वाचून तिचा मराठीत अर्थ सांगावा. कोणीही काही लपवलेले नाही, उलट फरक उघडपणे नोंदवला आहे, हे ज्येष्ठांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. छापील पवित्र शास्त्रात त्या जागी काय आहे, हेही त्याच बैठकीत उघडून पाहावे.

वसईची_शिक्षिका

आमच्या वर्गातील तरुण आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटवर बायबलचे प्रश्न विचारून उत्तर घेऊन येतात. त्याविषयी आपले काय मत आहे?

लिपीकार

ताई, ‘हा विषय कोणत्या अध्यायात असेल’ असा शोध सुरू करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु ही साधने आत्मविश्वासाने चुकीचे वचन-क्रमांक देतात, मराठी वचन म्हणून स्वतःच जुळवलेली वाक्ये देतात आणि अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे दाखलेही देतात. म्हणून वर्गात एकच नियम ठेवावा. असे उत्तर आणणाऱ्याने त्यातील प्रत्येक वचन छापील प्रतीत किंवा अधिकृत अ‍ॅपमध्ये उघडून सर्वांना दाखवावे, आणि जे दाखवता येत नाही ते चर्चेत घेऊ नये.

शिकागोतील_मराठी

नगरच्या बंधूंसाठी शेवटी एवढेच लिहितो की निधीतून आज काहीही खर्च करू नका. सर्वांच्या फोनवर अँडबायबल आणि खुले मराठी भाषांतर घाला, लॅपटॉपवर स्टेपची ऑफलाइन आवृत्ती घाला, आणि तयारी करणाऱ्यांपैकी एकाने लोगोसची मोफत आवृत्ती वापरून पाहावी. हे करताना कोणत्या प्रश्नांपाशी अडायला होते त्याची यादी ठेवा. चार-सहा महिन्यांनी ती यादी इथेच टाका, म्हणजे त्यासाठी नेमका कोणता कोश किंवा कोणते भाष्य विकत घ्यावे हे आम्हांला पुस्तकाच्या नावासकट सांगता येईल.

बायबलवर्ग_नगर

तसेच करतो. स्टेपची ऑफलाइन आवृत्ती उतरवायला लावली आहे. ती चालू झाली की सर्वांत आधी स्तोत्र ५१ आणि योएलची परीक्षा घेतो आणि निकाल इथे कळवतो.